एज ऑफ एम्पायर्स ३ डीई: पाटी बदलली, दुकान तेच?

उंटावरचा_शहाणा

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज टंकतोच. इथं एज, म्हणजे एज ऑफ एम्पायर्स हा कॉम्प्युटरवरचा गेम, खेळणारे पुष्कळ आहेत पण बहुतेक सगळे दोन नंबरवाले, तीन म्हटलं की लोक नाक मुरडतात. तरी आज तीनबद्दलच बोलायचंय, कारण जुना गेम नव्याने काढताना त्यातल्या इतिहासाचं काय करायचं हा प्रश्न या गेमला फार नडलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ गेम २००५ चा, एन्सेम्बल स्टुडिओजचा. विषयच मुळी युरोपियन लोकांनी अमेरिकेत जाऊन वसाहती करणं. २००६ ला वॉरचीफ्स आलं, त्यात इरोक्वॉय, सू आणि अॅझटेक खेळता यायला लागले. २००७ ला एशियन डायनॅस्टीज, त्यात जपान, चीन आणि आपण. मग थेट ऑक्टोबर २०२० मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे डीई, जुन्याच गेमची नव्याने काढलेली आवृत्ती.

डीई पहिल्यांदा लावला तेव्हा ग्राफिक्स वगैरे ठीकच, पण पहिल्याच गेमला एज-अप केलं, म्हणजे पुढच्या युगात गेलो, आणि वर आलं ‘कॉमर्स एज’. जुन्या गेममध्ये तिथं ‘कलोनियल एज’ होतं. त्याच्या आधीचं ‘डिस्कव्हरी एज’ होतं त्याचं ‘एक्सप्लोरेशन’ झालं. प्लँटेशनचं झालं ‘इस्टेट’. इरोक्वॉय आता हौडेनोसौनी आहेत आणि सू आता लकोटा, म्हणजे ते लोक स्वतःला जे म्हणतात ते, हे मला पटलं, त्यात काही वादच नाही.

पुढे अजून आहे. जुन्या गेममध्ये नेटिव्ह लोकांची ‘फायर पिट’ नावाची इमारत होती, गावकरी शेकोटीभोवती नाचायचे आणि त्या नाचाने कधी सैन्य लवकर तयार व्हायचं, कधी हल्ला वाढायचा. सगळा हॉलिवूडछाप प्रकार. डीईमध्ये तिचं ‘कम्युनिटी प्लाझा’ झालंय आणि डान्सच्या जागी सेरेमनी आलीय. पण बघा हां, गावकरी तिथं नेऊन ठेवायचे आणि बोनस घ्यायचा हे सगळं जिथल्या तिथं आहे.

आणि आता जो बदल मला खरा वाटतो तो. हौडेनोसौनी आणि लकोटा आता खाणीतून सोनं काढत नाहीत. जुन्या गेममध्ये सू गावकरी कुदळ घेऊन खाण फोडायचा, तोही कोण, तर ज्या लकोटांच्या ब्लॅक हिल्समध्ये १८७४ ला सोनं सापडलं म्हणून १८६८ चा फोर्ट लॅरमीचा करार धाब्यावर बसवून गोरे खाणवाले घुसले, त्याच लकोटांचा गावकरी. डीईमध्ये त्यांना खाणीच्या जागी ‘ट्रायबल मार्केटप्लेस’ उभारावी लागते, तिथून नाणी मिळतात. हे नुसतं नाव नाहीये, खेळायची पद्धत बदलली, बिल्ड ऑर्डर (आधी काय, नंतर काय बांधायचं) बदलली, बॅलन्सचा सगळा हिशोब परत मांडावा लागला.

म्हणून माझा निकष असा झालाय की नाव बदलायला काही खर्च पडत नाही, नियम बदलायला पडतं. रीमास्टर करणारे इतिहासाबद्दल किती सिरियस आहेत हे बघायचं असेल तर पाट्या वाचू नका, नियम कुठं बदलले ते बघा. आणि त्या हिशोबाने डीईमध्ये एक मार्केटप्लेस सोडली तर फार काही हाताला लागत नाही. इस्टेटवर आजही युरोपियन सेटलर जातात आणि स्वतःच्या हाताने राबून सोनं कमावतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कॅरिबियनमध्ये, उसाच्या मळ्यात! या गेमच्या इकॉनॉमीत गुलामगिरी नावाची गोष्टच नाही. कळस म्हणजे याच गेममध्ये फ्रेंच घेऊन खेळताना क्रांती करून हैती होता येतं. गुलामांनी केलेला उठाव, आणि आख्ख्या मॅपवर गुलाम कुणीच नव्हता.

काय वाटतं लोकहो? ‘कलोनियल’ शब्द काढल्याने इतिहास जास्त खरा झाला की जास्त गुळगुळीत?

मिरचीपूड

गेम आहे रे बाबा. खेळायचा आणि झोपायचं. आता मारिओला पण प्लंबर युनियनचं कार्ड द्यायचं का?

बाकी लेख चांगला लिहिलायस.

बॉक्सात_बसलेला_तात्या

मिरचीपूड, गेम आहे म्हणूनच तर बोलायचं. पुस्तक वाचून जेवढं डोक्यात राहत नाही तेवढं पन्नास तास खेळून राहतं, माझ्या पुतण्याला चारमिनार कुठं आहे हे एजमुळेच कळलं.

उंटा, तुझा निकष आवडला. तो बोर्ड गेमला लावून बघतो कारण माझा प्रांत तो. ‘पोर्तो रिको’ नावाचा गेम २००२ चा, बोर्डगेमगीक या वेबसाइटवर कित्येक वर्षं एक नंबरला होता, आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये तर प्रत्येकाने खेळलेला. त्यात जहाजातून गोल लाकडी चकत्या येतात आणि त्या आपण ऊस, तंबाखू, नीळ, कॉफीच्या मळ्यांवर ठेवतो, की उत्पादन सुरू. नियमावलीत त्यांना ‘कलोनिस्ट’ म्हटलंय. आणि त्या चकत्या चॉकलेटी रंगाच्या. आता कॅरिबियन बेटावर जहाजातून आणून मळ्यावर ठेवलेली चॉकलेटी माणसं कोण हे ज्याचं त्याने समजायचं, पण टेबलावर कुणी उच्चारायचं नाही. मी सुद्धा खूप वर्षं तसाच खेळलो, डोक्यात फक्त पॉइंट.

मग २०२२ ला त्याची नवी आवृत्ती आली, ‘पोर्तो रिको १८९७’. त्यांनी काय केलं तर काळच बदलला. १८९७ मध्ये स्पेनने बेटाला स्वायत्तता दिली, तिथं गोष्ट नेऊन ठेवली, गुलामगिरी त्याआधी १८७३ ला संपलेली, खेळाडू आता स्थानिक शेतकरी आणि चकत्या म्हणजे मजुरीवर ठेवलेले कामगार. नियम जवळपास तेच. तुझ्या निकषाने हे नापास व्हायला पाहिजे ना? पण मला ते पास वाटतं. कारण नियम तेच ठेवून त्यांनी असा काळ शोधला जिथं ते नियम खोटं बोलत नाहीत. एजवाल्यांनी काळ तोच ठेवला आणि शब्द मऊ केले. फरक आहे.

उंटावरचा_शहाणा

तात्या, हा मुद्दा भारी आहे, नियमाला साजेसा काळ शोधणं हा तिसरा रस्ता झाला. पण एजला तो घेता येत नाही हेही खरं, त्यांचा गेम म्हणजेच १५०० ते १९०० च्या आसपास.

हाफचड्डी_रशर

मी रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी, खेळतो त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. डीईमध्ये सगळ्यात मोठा डिझाईन चेंज कुठला तर होम सिटीची, म्हणजे मायदेशातून मदत मागवायची, कार्डं. जुन्या गेममध्ये प्रत्येक सिव्हिलायझेशनची (थोडक्यात सिव्ह, आपण खेळायला घेतो तो देश किंवा समाज) होम सिटी घासून घासून लेव्हल वाढवायची, मग चांगली कार्डं उघडायची, म्हणजे नवा माणूस जुन्या माणसाशी खेळला की कार्डांमध्येच हरायचा. डीईने सगळी कार्डं पहिल्या दिवसापासून उघडी केली. यामुळे गेम वाचला. हा वसाहतवाद वगैरे वाद चालू द्या पण रीमास्टरचं कौतुक करायचं तर आधी याचं करा.

मार्केटप्लेसबद्दल, ती आली तेव्हा फोरमवर शिव्याच शिव्या होत्या. पण खेळून बघा, तीही शेवटी खाणीच्याच जागेवर बांधायची आणि कोपऱ्यातला नाण्यांचा आकडा वाढतोच. कुदळ गेली, आकडा राहिला. त्यामुळे तू तिला ‘खरा बदल’ म्हणतोस ते मला जरा जास्तच वाटतं.

उंटावरचा_शहाणा

आकडा राहणारच ना, नाहीतर बंदूकवाले कशाने काढणार. पण दुसऱ्या सिव्हपेक्षा वेगळं काहीतरी करावं लागतं एवढं तरी आहे. कार्डांबद्दल एकदम सहमत, मी लिहायला हवं होतं खरं तर.

सिराक्यूजची_सून

पहिल्यांदाच इथं लिहितेय, एरवी वाचनमात्र. मी गेम खेळत नाही, नवरा आणि मुलगा खेळतात, पण हौडेनोसौनी दिसलं म्हणून थांबले. आम्ही न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूजला राहतो, ओनोंडागा नेशनची जमीन शहराच्या दक्षिणेला लागूनच आहे. मुलाच्या शाळेत चौथीला हा सगळा इतिहास असतो, त्यांच्या संघातली सहा नेशन्स कुठली, १७२२ ला टस्करोरा नंतर कसे सामील झाले वगैरे, तो पाठ म्हणून दाखवतो.

तुम्ही म्हणता नाव बदलायला काही पडत नाही. इथं राहून मला तसं वाटत नाही. लॅक्रॉस हा त्यांचाच खेळ, आणि त्यांची स्वतःची टीम आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ‘इरोक्वॉय नॅशनल्स’ नावाने खेळायची. त्यांनी ते नाव २०२२ ला बदललं आणि हौडेनोसौनी केलं. म्हणजे तुमच्या गेमने दोन वर्षं आधी केलं! आमच्या मुलाला ‘इरोक्वॉय’ हे नाव पुस्तकात भेटलं, त्याच्यासाठी मूळ शब्द हौडेनोसौनीच. ज्यांचं नाव आहे त्यांना पडतं हो काहीतरी.

नवऱ्याने सांगितलेली गोष्ट मात्र खटकली. त्या गेमच्या एका कॅम्पेनमध्ये हीरो आईकडून इरोक्वॉय आणि तो वॉशिंग्टनच्या बाजूने लढतो म्हणे. ओनायडा आणि बरेचसे टस्करोरा वसाहतवाल्यांच्या बाजूने होते हे खरं, पण मोहॉक, सेनेका, कायुगा, ओनोंडागा यातले बहुतेक ब्रिटिशांकडे गेले, आणि १७७९ मध्ये वॉशिंग्टननेच जनरल सलिव्हनला पाठवून चाळीसच्या वर गावं आणि उभी पिकं जाळायला लावली. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला त्या मोहिमेचे ऐतिहासिक फलक आहेत. मग त्या हीरोच्या गावाचं काय झालं असेल हे गेममध्ये येतं का?

उंटावरचा_शहाणा

ताई, स्वागत आहे, लिहीत रहा. तो हीरो म्हणजे नॅथनिएल ब्लॅक. गोष्ट क्रांतीच्या विजयाकडे जाते, जळालेली गावं तिथं येत नाहीत. दुसऱ्या भागातला त्याचा वंशज चेटन ब्लॅक लकोटांकडे जातो, ब्लॅक हिल्स, अमेरिकन सेनाधिकारी कस्टर, १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाई वगैरे. डीईमध्ये नेटिव्ह सल्लागार घेऊन या कॅम्पेनवर काम केलं आणि आवाजासाठी त्या समाजातले कलाकार घेतले, हे चांगलंच. पण कुठली गोष्ट सांगायची हे मूळ सांगाड्याने आधीच ठरवलेलं.

नावाबद्दल तुमचं बरोबर. मी कंपनीला काय पडतं त्याबद्दल बोलत होतो.

मिरचीपूड

आता मलाही खेळावंसं वाटायला लागलंय च्यायला. आय थ्री, आठ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, चालेल का?

हाफचड्डी_रशर

चालेल, सेटिंग तळाला ठेव. आणि तीनची एक फ्री व्हर्जनपण आहे स्टीमवर, त्यात ठरावीक सिव्हच मिळतात. आधी ती उतरव.

शनिवारवाडा_वायफाय

सगळे अमेरिकेवरच बोलतायत, जरा भारतावर या की. डीईने नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठी सल्लागार आणले, आपल्यासाठी काय केलं?

इंडियन्स सिव्हचा नेता अकबर. युनिट कोण? शिपाई, गुरखा, सोवार, राजपूत, माहूत. म्हणजे सोळाव्या शतकातला बादशहा एकोणिसाव्या शतकातली कंपनीची पलटण घेऊन फिरतोय, आणि वर कॉन्सुलेट बांधून ब्रिटिशांशी दोस्ती करून त्यांचं सैन्य पण मागवतोय. एक्सप्लोररच्या जागी दोन ब्राह्मण, हत्तीवर बसलेले, लोकांना बरं करतात आणि लढतात पण. गाई कापायच्या नाहीत, पवित्र कुरणात ठेवायच्या आणि त्यातून एक्सपी (अनुभवाचे गुण) येतो. ताजमहाल बांधला की युद्धविराम करता येतो. शेकोटीभोवतीचा नाच हॉलिवूडछाप वाटला ना तुम्हाला, मग हे काय आहे? त्यावर पॅचनोट (बदलांची यादी) कुठंय?

आणि कॅम्पेन. १८५७ वर आहे. १८५७! हीरो कोण तर नानिब साहिर, कंपनीच्या फौजेतला अधिकारी, मग त्याचे डोळे उघडतात आणि तो उलटतो. असं नाव मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. त्या उठावात कानपूरला नानासाहेब पेशवे, रणात तात्या टोपे, झाशीत लक्ष्मीबाई, तिघेही मराठी घरातले, तिघांवर एकेक कॅम्पेन होईल इतका मालमसाला. मिळालं काय, तर नानिब. मला तरी डीईमध्ये त्या गोष्टीत सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

बॉक्सात_बसलेला_तात्या

नानिब म्हणजे नानासाहेब आणि नबाब मिक्सरमधून काढले असावेत :)

पितळी_तोफ

वायफाय, चिडचिड समजली पण एक लक्षात घे. सू आणि इरोक्वॉयबद्दल बोलायला तिकडे लोक उभे राहिले. सिव्हिलायझेशन ६ मध्ये २०१८ ला क्री लोकांचा नेता पाउंडमेकर आणला तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनच्या एका प्रमुखाने जाहीरपणे आक्षेप घेतला, की आमचा माणूस शांततेसाठी ओळखला जातो आणि तुम्ही त्याला इतरांच्या जमिनी जिंकणारा केलात, म्हणजे आमचीही मूल्यं वसाहतवाद्यांसारखीच होती असं दाखवलंत. बघा, त्याचा आक्षेप चित्रावर किंवा पोशाखावर नव्हता, थेट गेमच्या हेतूवर होता. आपल्याकडे एशियन डायनॅस्टीजबद्दल कुणी असं बोललं का? आपण गुरखा रश, म्हणजे सुरुवातीलाच गुरखे घेऊन तुटून पडणं, शिकण्यात गुंग होतो. मी पण. २००९ ला आमच्या कोल्हापुरात कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन आम्ही आपसात ठरवून ब्रिटिशांना इंडियन्सने चोपायचो आणि त्यात केवढं समाधान होतं!

शनिवारवाडा_वायफाय

पाउंडमेकरचा मुद्दा वाचून गप्प झालो जरा. कारण मग नानासाहेबांवर कॅम्पेन मागताना मी पण तेच मागतोय, आमच्या माणसाला घ्या आणि मॅप साफ करायला लावा.

तरी मागणारच. सॉरी.

आणि दोन नंबरने हे करून दाखवलंय हे विसरू नका. तिथं ‘इंडियन्स’ नावाचं एकच गाठोडं होतं, २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं आणि त्याचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन, गुर्जर असे चार केले, राजेंद्र चोळ, देवपाल, बाबर यांची कॅम्पेन दिली. यात देवगिरीचे यादव कुठं बसवायचे हा माझा चिरंतन ठसठसता प्रश्न आहे पण निदान कुणाला तरी कळलं की एवढा मोठा देश एका सिव्हमध्ये कोंबता येत नाही. तीनमध्ये १५०० ते १९०० चा भारत अजून एकच. मुघल, मराठे, शीख, म्हैसूर, सगळे एका दिल्लीच्या होम सिटीत. ‘डेक्कन’ नावाचा मॅप आहे, दख्खनचा माणूस नाही.

पितळी_तोफ

मराठे खेळायचे तर एम्पायर टोटल वॉर. २००९ चा. मराठा कॉन्फेडरसी सुरुवातीपासून खेळता येते, १७०० पासून, औरंगजेब अजून जिवंत. २०२४ ला तो मोबाईलवर पण आलाय, लोकलमध्ये बसून दिल्ली घेता येते.

पण उंटाचा निकष तिथं लावला की हसू येतं. त्या गेममध्ये मॅपच्या बाहेर व्यापाराच्या जागा आहेत, जहाजं नेऊन उभी करायची की माल येतो. त्यातली एक आफ्रिकेचा पश्चिम किनारा. अठराव्या शतकात त्या किनाऱ्यावरून युरोपियन जहाजं काय भरून नेत होती हे सगळ्या जगाला माहितीय. गेममध्ये तिथून येतो फक्त हस्तिदंत.

हाफचड्डी_रशर

पण मग करायचं काय ते सांगा ना. गुलामगिरी गेममध्ये टाकली की ती एक बटण होणार. पन्नास लाकूड द्या, दहा गुलाम घ्या, आणि रँक्डमध्ये सगळे तेच करणार कारण तेच स्वस्त पडणार. ते बरं दिसेल का? १९९४ चा सिड मायरचा कलोनायझेशन घ्या, ऊस, तंबाखू, कापूस सगळं आहे आणि गुलाम नाहीत, २००८ ला रीमेक केला त्यातही नाहीत. लपवायचं असेलही त्यांना, पण दाखवणं पण सोपं नाहीये.

सिराक्यूजची_सून

हे मला पटतंय. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याने माणसं विकत घेण्याचं बटण दाबलेलं मला नको. पण इस्टेटवर गोरा माणूस आनंदाने राबतोय हे बघून त्याला काय वाटणार, की हे असंच होतं? त्याला शाळेत एक शिकवतात आणि घरी स्क्रीनवर दुसरं, आणि घरचं जास्त मजेशीर.

उंटावरचा_शहाणा

रशर, बटण नको हे मलाही मान्य. पण मधले रस्ते आहेत. इस्टेटला सेटलर लावताच येऊ नयेत, पैसा आपोआप येत राहावा, आणि जितक्या इस्टेट जास्त तितका उठावाचा धोका वाढत जावा. मग हैतीची क्रांती बटण दाबून ‘करायची’ नाही, ती तुमच्यावर येईल. फ्रेंच खेळणाऱ्याने दहा मिनिटं मजेत सोनं खाल्लं की त्याच्याच मळ्यातून सैन्य निघेल. यात कुणी माणूस विकत घेत नाही, आणि तो मळा कशावर चालला होता हे कुणाला सांगावंही लागत नाही. बॅलन्सचं काय होईल ते तू सांग.

हाफचड्डी_रशर

बॅलन्सचं वाटोळं होईल. फ्रेंच कुणी घेणार नाही.

पण मोड (खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल) म्हणून खेळेन मी. सिनारियो एडिटरमध्ये ट्रिगर लावून याचा अर्धा भाग तरी जमेल, अमुक इस्टेट झाल्या की अमुक ठिकाणी युनिट टाक, एवढंच तर आहे.

मिरचीपूड

फ्री व्हर्जन उतरली. चाललं! पंखा विमानासारखा वाजतोय पण चाललं. आता पहिलं काय करू?

पितळी_तोफ

पहिलं गावकरी काढत रहा, थांबू नकोस. रविवारी रात्री साडेनऊला ये, आम्ही तिघं चौघं असतो, शिकवतो. ताई, तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल, मुलालाही पाठवा, होमवर्क झाला असेल तर.

सिराक्यूजची_सून

तो नाचतोय इथं. म्हणतोय मी हौडेनोसौनी घेणार आणि कुणाशीही दोस्ती करणार नाही.

हाफचड्डी_रशर

घेऊ दे. मी ब्रिटिश घेतो आणि इस्टेटवर ट्रिगर लावून आणतो, उंटाचा प्रयोग माझ्यावरच करू. मॅप डेक्कन लावू का, वायफायसाठी?

शनिवारवाडा_वायफाय

लाव. आणि नानिब नाव कुणी घेतलं तर मी लॉबी सोडणार.